टोपणनाव चालेल, चोरलेले जगणे चालणार नाही

आपली पोरे लिहू लागली आहेत. उमरोळी, पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत जा, मोबाईलवर लिहिणारा एक तरी तरुण किंवा तरुणी भेटेलच. कोणी चारोळ्या लिहितो. कोणी कथामालिकेचे भाग टाकते. कोणी व्हॉट्सअॅपच्या काव्यसमूहात रोज दिलेल्या विषयावर रोज एक कविता पाठवतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्या समाजाची पोरे रात्रपाळी करून आल्यावर अंगठ्याने कादंबऱ्या लिहितात, ही साधी गोष्ट नाही. आम्हाला तिचा अभिमान आहे. आणि अभिमान आहे म्हणूनच ही पोरे काय लिहितात, कोणासाठी लिहितात, यावर आम्ही आज बोलणार आहोत. गोड बोलणार नाही.

आम्ही उमरोळीतले काही कार्यकर्ते गेले काही महिने हे लेखन नेटाने वाचत आहोत. हौशी लेखकांच्या ऑनलाइन समूहांत सर्वाधिक वाचले जाते ते काय? वाडा. इनामदारांचा वाडा, सरदेसायांचा वाडा, देशमुखांचा वाडा. वाड्यात तुळशीवृंदावन, देवघर, करारी आईसाहेब आणि परदेशातून शिकून आलेला, रागीट पण मनाचा हळवा मुलगा. तो कंपनीचा मालक असतो. नायिका गरीब असते, पण तिचे आडनाव बघा. तिची गरिबीसुद्धा घरंदाज असते. मग लग्न, गैरसमज, मंगळसूत्र, मेहेंदी आणि नव्वद भाग. या कथेत आपला माणूस कुठे असतो? असतो ना! तो पाणी आणून देतो. ती फरशी पुसते. त्याला आडनाव नसते, तिला घर नसते, दोघांनाही राग येत नाही.

हे सगळे प्रस्थापितांच्या पोरांनी लिहिले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. त्यांचा वाडा त्यांना लखलाभ! पण यातला बराच मजकूर आपल्याच पोरी आणि पोरे लिहीत आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी मुलगी वाड्याच्या सोळा खोल्यांचे वर्णन करते. तिची आई कॉलनीत धुणीभांडी करते, आणि तिच्या कथेतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला नावही नाही! तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राबणारा मुलगा कंपनीच्या मालकाच्या विरहावर साठ भाग लिहितो, आणि त्या कंपनीच्या गेटवर सकाळी उभ्या असलेल्या रांगेवर एक ओळ लिहीत नाही.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. त्याची जात चोरण्यामागे निदान डोक्यावर छप्पर हवे ही गरज होती. आज आपण लेखनात आपले सगळे जगणे चोरून ठेवतो ते कशासाठी? पाच चांदण्यांसाठी? 'अप्रतिम ताई, पुढचा भाग लवकर टाका' एवढ्या एका ओळीसाठी?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गैरसमज करून घ्यायला बरेच जण टपलेले असतात. टोपणनाव घेण्याला आमचा विरोध नाही. मुलींना तर त्याची गरजच पडते. नाव, गाव, फोटो टाकला की रात्री अकरा वाजता इनबॉक्समध्ये कोण कोण येते हे आमच्या बहिणी आम्हाला सांगतात. आडनावावरून जात ओळखून शेरे मारणारेही कमी नाहीत. स्वतःला वाचवण्यासाठी नाव झाकणे हा पळपुटेपणा नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहीत आणि नवऱ्याच्या व घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून वह्या लपवून ठेवत. वर्षानुवर्षे त्यांनी लिहिणे लपवले. पण त्या वह्यांत काय होते? महारवाड्यातले बाईचे जगणे होते, भूक होती, नवऱ्याचा मार होता, बाबासाहेबांच्या हाकेने उठलेली वस्ती होती. त्या वह्यांचे 'जिणं आमुचं' झाले आणि ते जगभर वाचले गेले. बेबीताईंनी वही लपवली, जगणे लपवले नाही. आपण नेमके उलटे करत आहोत. वही जगाला दाखवतो आणि जगणे उशीखाली ठेवतो.

असे का होते? फक्त पोरांना दोष देऊन चालणार नाही. या समूहांचे नियम एकदा नीट वाचा. जवळपास प्रत्येक काव्यसमूहाचा ठरलेला नियम असतो की इथे जातीय, धार्मिक आणि राजकीय लेखन चालणार नाही, हा निखळ साहित्याचा समूह आहे. ठीक. मग त्याच निखळ समूहात गुढीपाडव्याला गुढीवर स्पर्धा असते, वटपौर्णिमेला सात जन्मांवर असते, गणपतीत दहा दिवस बाप्पावर असते. ते धार्मिक नाही, ती 'आपली संस्कृती'! पण १४ एप्रिलला कोणी महाडच्या चवदार तळ्यावर कविता टाकली की अॅडमिन हात जोडल्याची चित्रे टाकून सांगतो, 'कृपया समूहाचे वातावरण बिघडवू नका.' सत्यनारायण ही संस्कृती आणि पाण्याचा सत्याग्रह हे राजकारण, हे कोणी ठरवले? ज्याच्या हातात समूह, त्याने ठरवले. जात दाखवणारा जातीयवादी ठरतो आणि जात पाळणारा सुसंस्कृत राहतो. ही जुनीच युक्ती आहे, फक्त आता ती मोबाईलवर आली आहे.

मराठी माणूस इंटरनेटवर जमू लागला तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले, तेही अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या हौसेतून. त्या काळी घरी संगणक कोणाकडे होता, परदेशात नोकरीला कोण गेले होते, हे सांगायला नको. त्यांनी मराठी जगवली हे आम्ही मान्य करतो. पण जे घरात आधी शिरतात तेच घराची रीत ठरवतात. कोणते विषय 'ललित', कोणते 'वादग्रस्त', कोणती मराठी 'शुद्ध', कोणती 'गावंढळ', हे आपण यायच्या आधीच ठरून गेले होते. पुढे स्वस्त मोबाईल आणि स्वस्त डेटा आला, आपली पोरे आत शिरली आणि तयार सापडलेल्या रीतीने वागू लागली.

मग आता करायचे काय? आमच्याच चळवळीत याची दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही आम्हाला मान्य नाहीत.

पहिले उत्तर आपल्या जुन्या कार्यकर्त्यांचे. ते म्हणतात, 'मोबाईलवर कविता म्हणजे टाइमपास. मोर्चाला या, निवेदन द्यायला चला.' दादा, मोर्चाला येतोच. पण ज्या चळवळीची निम्मी ताकद जलशांतून आणि गाण्यांतून आली, तिने शब्दाला टाइमपास म्हणावे? अण्णा भाऊ साठे शाळेत किती दिवस गेले होते? जेमतेम दीड दिवस म्हणतात. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार जिथे पुस्तक पोहोचत नव्हते तिथे नेला. हे सगळे त्या त्या काळातले हौशीच होते. बारा तास कंपनीत उभ्या असलेल्या पोराकडे टेबल नाही, खुर्ची नाही, वही उघडायला उजेड नाही. त्याच्याकडे मोबाईल आहे. तोच त्याचा कागद. त्याला हिणवू नका.

दुसरे उत्तर जहाल मित्रांचे. ते म्हणतात, 'त्यांच्या समूहांवर बहिष्कार टाका. महात्मा फुल्यांनी नाही का ग्रंथकारांची सभा नाकारली?' हो, नाकारली. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण धाडले आणि जोतीरावांनी ते स्पष्ट शब्दांत परत केले. पण का परत केले, ते पत्र पुन्हा वाचा. जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क खरेपणाने मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचे जुळणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो अटीचा प्रश्न होता, रुसण्याचा नव्हता. आणि सभा नाकारणाऱ्या जोतीरावांनी लेखणी खाली ठेवली नाही. त्याआधी 'गुलामगिरी' लिहून झाली होती, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला होता, आणि नंतरही ते लिहीतच राहिले. जो स्वतः काहीच लिहीत नाही आणि फक्त इतरांना बहिष्कार टाकायला सांगतो, त्याने फुल्यांचे नाव घेऊ नये.

आमचे म्हणणे वेगळे आहे. त्यासाठी आणखी मागे जाऊ. १८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' कोणाचे? मिशनऱ्यांचे. मुक्ताबाईंच्या समाजाचे वर्तमानपत्र नव्हते, छापखाना नव्हता. त्यांनी दुसऱ्याच्या कागदावर लिहिले. पण दुसऱ्याच्या कागदावर दुसऱ्याचे लिहिले नाही! कागद मिशनचा होता, दुःख मातंगवाड्यातले होते आणि जाब पेशवाईला विचारला होता. समूह परका आहे म्हणून गप्प बसायचे कारण नाही आणि समूह परका आहे म्हणून परक्यासारखे लिहायचेही कारण नाही. हा पहिला धडा.

दुसरा धडा बाबासाहेबांचा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात, पैसे देऊनसुद्धा, 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेब त्यावर रडत बसले नाहीत. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, पाक्षिक उभे राहिले. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले तेव्हा लिहिणारे हात इतके कमी होते की रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतःच भरावे लागत. मग 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. एक बंद पडले की दुसरे. म्हणजे परक्याच्या कागदावर लिहा, पण आपला कागद उभा करण्याचे काम एक दिवसही थांबवू नका.

तिसरा धडा औरंगाबादचा आणि आजच्या विषयाला तो सर्वांत जवळचा आहे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ पासून 'अस्मितादर्श' चालवले, ते थेट २०१८ साली त्यांचे निधन होईपर्यंत. पन्नास वर्षे! शिक्षक, कारकून, विद्यार्थी, कामगार अशा ज्यांना कोणी लेखक म्हणत नव्हते त्यांचे लेखन तिथे छापले गेले. आणि 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचक मेळावे भरवले. नाव बघा, लेखक-वाचक मेळावा! लिहिणारा आणि वाचणारा एकाच सतरंजीवर. आज ज्याला ऑनलाइन लेखकांचा समूह म्हणून नवे काहीतरी सांगितले जाते, ते आपल्या लोकांनी इंटरनेटच्या कितीतरी आधी करून दाखवले आहे. फरक एवढाच की तिथे लेखन सुधारत असे. आपल्या आजच्या समूहांत फक्त टाळ्या वाढतात.

टाळ्यांचा हा बाजार नीट समजून घ्या. काही मोठ्या मंचांमागे कंपन्या आहेत. 'प्रतिलिपी' २०१४ साली बंगळुरूमध्ये सुरू झाली आणि तिच्यात चीनच्या टेन्सेंटचे आणि दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनचे पैसे गुंतलेले आहेत. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिने लाखो लोकांना लिहायला जागा दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती कंपनी आहे, साहित्य परिषद नाही आणि माहेरही नाही. कोणत्याही कंपनीला हवा असतो तो रोज परत येणारा वाचक. रोज परत येण्यासाठी भाग अर्धवट तुटला पाहिजे, नायिका रोज रडली पाहिजे. जे सर्वांत जास्त वाचले जाते ते सर्वांत वर दाखवले जाते आणि जे वर दिसते तेच पुन्हा वाचले जाते. त्या चक्रात वाडा वर जातो आणि तुमची चाळ खाली. यात कोणी बसून कट केला असे आम्ही म्हणत नाही. कटाची गरजच नाही. ज्या समाजाची आवड हजारो वर्षांच्या उतरंडीत घडली आहे, त्या समाजाच्या आवडीचे गणित मांडले की उतरंडच बाहेर येणार.

आणि छोट्या समूहांचे गणित तर याहून वाईट आहे. 'राज्यस्तरीय ऑनलाइन काव्यस्पर्धा', 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह', 'साहित्यरत्न सन्मान' अशा जाहिराती तुम्हालाही येत असतील. प्रवेश शुल्क भरा, प्रमाणपत्र मिळवा. सहभागाचे पैसे भरा, संग्रहात दोन पाने मिळवा, वर पाच प्रती विकत घ्या. आमच्या ओळखीच्या एका मुलीने अशा संग्रहासाठी आपल्या रोजंदारीतले चार दिवसांचे पैसे भरले. पुस्तक आले तेव्हा तिच्या कवितेखाली दुसऱ्याचेच नाव होते, आणि ज्याने पैसे घेतले होते त्याने फोन उचलणे बंद केले. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आले होते, सोनेरी किनारीचे! मित्रांनो, पूर्वी दक्षिणा घेऊन पुण्य वाटत. आता शुल्क घेऊन कवीपण वाटतात. आपण एक दुकान सोडले ते दुसऱ्या दुकानात जाण्यासाठी नव्हे.

आता आपल्याच समूहांकडे वळू, कारण तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. निळ्या झेंड्याचे चित्र लावलेले कवितांचे समूह आम्ही पाहतो. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला शेकडो कविता येतात. प्रत्येकीत सूर्य, प्रत्येकीत लेखणी, प्रत्येकीत उद्धार. लिहिणाऱ्याचे नाव काढले तर कोणती कविता कोणाची हे त्याच्या घरच्यांनाही सांगता येणार नाही. खाली दोनशे वेळा 'जयभीम' आणि 'क्रांतिकारी रचना'. या कवितांत बाबासाहेबांवरचे प्रेम खरे आहे, शंका नाही. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विभूतिपूजेचा धोका सांगणारे बाबासाहेबच होते ना? ज्या माणसाने स्वतःच्या अनुभवाला आकडे, पुरावे आणि तर्क जोडून व्यवस्थेला उघडे केले, त्याच्यावर कविता करताना आपण स्वतःचा अनुभवच वगळतो. वाड्याची कथा आणि सूर्याची कविता या दोन्हींत लिहिणारा गैरहजर आहे. एक जगणे वाड्याच्या मागे लपते, दुसरे बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे. चोरी तीच.

आणि लिहायला काय कमी आहे आपल्याकडे? उमरोळी स्टेशनवर उभे राहा. एका बाजूला पालघर, दुसऱ्या बाजूला बोईसर. २०१३ साली विरार-डहाणू लोकल सुरू झाली, पण एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट पाहणे काय असते आणि उशीर झाला की ठेकेदार हजेरी कशी कापतो, हे मुंबईतल्या कोणत्या लेखकाला ठाऊक आहे? तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. त्याच केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. गाव उठते म्हणजे काय होते? देव्हारा, स्मशान, होडी, विहीर, भांडण, हे सगळे पुनर्वसनाच्या प्लॉटमध्ये कसे बसवतात? एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला की बातमीत 'कामगार' एवढेच येते. तो कुठून आला होता, त्याचा डबा कोणी भरला होता, भरपाईसाठी त्याची बायको किती खेटे घालते? बुलेट ट्रेनच्या खांबांखाली कोणाची वाडी गेली? वाढवण बंदराच्या नावाने कोळणीला झोप का येत नाही? जिल्हा २०१४ मध्ये झाला. जिल्ह्याचे साहित्य अजून व्हायचे आहे.

आपल्या शेजारच्या वारली बांधवांकडे बघा. त्यांच्या उठावाची गोष्ट गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिली आणि तिचे मोल मोठे आहे. पण त्या पाड्यांतल्या नातींनी आता स्वतः लिहायला हवे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची चित्रकला कागदावर आणली, जगात नेली, पद्मश्री मिळवली. आज तीच चित्रे कप, पिशव्या, साड्या, हॉटेलच्या भिंती सगळीकडे दिसतात आणि काढणाऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी नसते. शब्दांचेही असेच होणार आहे. आपण आपले लिहिले नाही तर दुसरा कोणीतरी आपले दुःख नक्षीसारखे वापरील.

भाषेची लाज तर अजिबात नको. वारली, कातकरी, मांगेली, वाडवळी, खानदेशातून आणि मराठवाड्यातून पोटासाठी इथे आलेल्यांची बोली, हे सगळे आपल्या बोईसरच्या बाजारात एकाच वेळी ऐकू येते. दोन भिक्खूंनी तथागतांना सुचवले होते की आपली वचने वैदिक छंदात बांधून ठेवू या. तथागतांनी नकार दिला आणि लोकांनी आपापल्या भाषेत धम्म शिकावा असे सांगितले. विनयपिटकात ही नोंद आहे. ज्यांचा शास्ता बोलीच्या बाजूने उभा राहिला, त्यांनी अॅडमिनच्या 'शुद्ध लिहा' या शेऱ्याला घाबरावे? प्रमाण मराठी शिका, जरूर शिका, अर्ज आणि निवेदन लिहायला ती हत्यार म्हणून लागते. पण आजी ज्या भाषेत रडली त्या भाषेतच तिचे रडणे लिहा.

आता कामाचे बोलू. ऑनलाइन समूहात जा, पण चार गोष्टी बांधून जा.

पहिली गोष्ट, आपल्या लेखनाची प्रत आपल्याकडे ठेवा. अॅप बंद पडते, खाते उडते, तक्रारी करून पोस्ट काढायला लावतात. मोबाईलमध्ये एक प्रत, वहीत किंवा प्रिंटवर एक प्रत. ज्यांच्या पूर्वजांच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत त्यांनी तरी नोंदी ठेवण्यात आळस करू नये.

दुसरी गोष्ट, हक्क समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिल्या क्षणी तुमचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क विकला तरी लेखक म्हणून तुमचे नाव पुसता येत नाही. म्हणून 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवण्याआधी अटी वाचा, आणि पैसे मागणाऱ्या संग्रहवाल्याला आधी कागद मागा.

तिसरी गोष्ट, जातीवरून शिवीगाळ झाली तर पोस्ट पुसून गप्प बसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ आणि दुवा जपून ठेवा, मग वकिलाशी बोला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा फक्त गावच्या चावडीपुरता नाही. लोकांच्या नजरेसमोर केलेल्या जातीय अपमानात इंटरनेटवरचा अपमानही येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आपला वाचक आधी घडवा. विहारात, समाजमंदिरात, नाहीतर कोणाच्याही पडवीत, सुट्टीच्या दिवशी सहा-सात जण बसा. पोस्ट करण्याआधी लेखन तिथे मोठ्याने वाचा. तिथे 'वाह' म्हणायला बंदी ठेवा. वाचून झाल्यावर प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा, 'हे तू पाहिले आहेस का?' पाहिले असेल तर आणखी सांग. पाहिले नसेल तर का लिहिलेस, ते सांग. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. लेखनालाही तीच पारख लावा. जिची कथा आहे ती बाई, ज्याची कविता आहे तो कामगार, त्या बैठकीत बसवा. त्याला समजले नाही तर चूक त्याची नाही. आम्ही उमरोळीत अशी बैठक सुरू केली आहे. प्रमाणपत्र मिळत नाही, चहा मिळतो.

एवढे बांधून मग खुशाल जा. त्यांच्या समूहात जा, त्यांच्या स्पर्धेत जा, मोठ्या मंचावर जा. 'पाऊस' विषय दिला तर गळक्या पत्र्याचा पाऊस लिहा. 'आई' विषय दिला तर पहाटेची लोकल पकडणारी आई लिहा. 'प्रेम' विषय दिला तर लिहाच, आंतरजातीय लग्न केले म्हणून गाव सोडावे लागलेल्यांचे प्रेम लिहा. प्रेमकथेवर आमचा राग नाही. बाबासाहेबांनी जातिअंतासाठी आंतरजातीय विवाह सांगितला, म्हणजे खरी प्रेमकथा आपल्याइतकी कोणालाच लागत नाही! फक्त त्या कथेत फरशी पुसणाऱ्या बाईला नाव द्या, आडनाव द्या, राग द्या.

अॅडमिन काढून टाकील. टाकू दे. तुमच्याकडे प्रत आहे, बैठक आहे, वाचक आहे. चांदण्या कमी पडतील. पडू द्या. मुक्ताबाईंना कोणी चांदण्या दिल्या नव्हत्या, आणि तरी आज एवढ्या वर्षांनी आपण त्यांचेच नाव घेतो. त्या साली पुण्यात जे 'लोकप्रिय' होते त्यांची नावे कोणाला आठवतात?

लिहा. टोपणनावाने लिहा, बोलीत लिहा, चुका करत लिहा, लोकलच्या दारात उभे राहून लिहा. पण तुमच्या लेखनात तुम्ही हजर असा.

जयभीम! जय मूकनायक!